घरातला समुद्र आणि त्यातले बिऱ्हाडकरू

मुंबईच्या माणसाची समुद्राशी ओळख बहुधा ताटात होते. पापलेट, सुरमई, बोंबील, कोळंबी ही नावे त्याला तोंडपाठ असतात. पण हे प्राणी पाण्यात राहतात कसे, खातात काय आणि शेजाऱ्यांशी वागतात कसे, याचा विचार करण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्रातला प्राणी जिवंतपणी पाहण्याची सोय सामान्य माणसाला झाली. आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. अंधेरी-बोरिवलीकडच्या किंवा घाटकोपर-मुलुंडकडच्या एखाद्या घरात आपण जातो, आणि बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची पेटी दिव्याखाली झळकताना दिसते. हौस उत्तम आहे. परंतु गोड्या पाण्यातला गप्पी मासा पाळणे आणि समुद्राचा एक तुकडा घरात आणून ठेवणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ जीव महिन्याभरात मरतात.

याचे मुख्य कारण निवडीत आहे. क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याच्या दुकानांत गेलेला मनुष्य रंग पाहून प्राणी घेतो. वस्तुतः त्याने चार प्रश्न विचारावयास हवेत. हा खातो काय? वाढून किती मोठा होतो? शेजाऱ्याशी त्याचे पटते का? आणि हा आला कोठून? चाळीत खोली भाड्याने देताना आपण बिऱ्हाडकरूची जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी येथे व्हावी.

प्रथम घराची व्यवस्था पाहू. समजा, पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या पेटीला साडेसहा किलोंहून अधिक क्षार लागले. हे क्षार म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे अनेक द्रव्ये असतात. त्यांचे तयार मिश्रण दुकानात मिळते आणि ते क्लोरिन काढलेल्या शुद्ध पाण्यात विरघळवावयाचे असते. जुहूच्या किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून बादल्या भरून आणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणाही उतरतो.

पेटीतले पाणी रोज थोडेथोडे उडून जाते. मीठ मात्र मागे राहते. रोज दोन लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही, तर ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३८ ग्रॅम होतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करावयाची, खाऱ्या नव्हे. नवशिक्या हौशी माणसाचा पहिला घोटाळा बहुधा येथेच होतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. प्राण्यांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जीवाणू वाळूवर आणि खडकांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती नीट बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामी दिसते, मुले कंटाळतात, पाहुणे विचारतात, ‘मासे कुठे आहेत?’ त्यांना खुशाल सांगावे की, घर बांधून झाले आहे, पण मोरीचे काम अजून चालू आहे.

तिसरी अडचण उन्हाळ्याची. उष्ण समुद्रातले हे प्राणी २४ ते २७ अंश सेल्सियस उष्णतेत सुखी असतात. मे महिन्यात मुलुंडच्या बंद खोलीतली हवा ३४ अंशांवर जाते, आणि पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. पृष्ठभागावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी काहीसे निवते. पण आपल्या दमट हवेत त्या युक्तीला मर्यादा आहे. तेव्हा पाणी थंड करणारे यंत्र आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, या दोहोंचा खर्च आधीच जमेस धरावा. पाणी, काच, वाळू व खडक मिळून पेटीचे वजन अडीचशे किलोंच्या घरात जाते, हेही ती ठेवण्याची जागा ठरविताना विसरू नये.

आता बिऱ्हाडकरू. लोकांचा समज असा की, समुद्राची पेटी म्हणजे मासे. खरी मौज पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत, म्हणजे अपृष्ठवंशीयांत आहे. प्रथम आणाव्यात शेवाळ खाणाऱ्या लहान समुद्री गोगलगाई. त्या काच आणि खडक खरवडून स्वच्छ ठेवतात. सकाळी काचेवर त्यांच्या रात्रीच्या फेरीच्या वाटा दिसतात. त्यानंतर शंखात राहणारा खेकडा. त्याचे पोट मऊ असते, म्हणून तो रिकाम्या शंखात आश्रय घेतो. अंग वाढले की मोठे घर शोधतो. पेटीत मोठे रिकामे शंख ठेवले नाहीत, तर तो घरासाठी गोगलगाईचाच जीव घेण्यास मागेपुढे पाहत नाही. जागेची टंचाई माणसालाच बिघडविते असे नाही.

तिसरी साफसफाई करणारी कोळंबी. तिच्या पाठीवर तांबडा पट्टा आणि मधोमध पांढरी रेघ असते. मोठे मासे तिच्यासमोर येऊन स्तब्ध उभे राहतात, आणि ती त्यांच्या अंगावरचे, क्वचित तोंडातलेही परजीवी वेचून खाते. गिऱ्हाईक कारागिराला खात नाही, असा तेथे करार आहे. या कोळंबीच्या पूर्ण वाढ झालेल्या प्रत्येक प्राण्यात नर व मादी ही दोन्ही अंगे असतात. त्यामुळे कोणत्याही दोघी आणल्या तरी जोडी जमते. ती मधूनमधून कात टाकते. ती रिकामी कात पाहून ‘कोळंबी मेली’ म्हणून हळहळणारे बरेच असतात. खरी कोळंबी तेवढ्यात खडकाआड अंग कडक होण्याची वाट पाहत बसलेली असते. एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवावा: माशांच्या रोगांवर तांबे असलेली औषधे वापरतात, आणि तांबे हे या सर्व अपृष्ठवंशीयांना मारक आहे. ते औषध पेटीत कधीही घालू नये. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढावा.

सर्वांत रंजक जोडी म्हणजे चापवाली कोळंबी आणि तिचा सोबती गोबी मासा. या कोळंबीचा एक नांगा फार मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की, पाण्यात एक बुडबुडा निर्माण होतो, आणि तो फुटताना काचेवर टिचकी मारावी तसा आवाज येतो. आवाज नांगीच्या आदळण्याचा नसून बुडबुडा फुटण्याचा आहे, हे २००० साली शास्त्रज्ञांनी अतिजलद छायाचित्रांनी दाखविले. कोळंबीची नजर अधू असते. ती वाळूत बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि कोळंबी आपली एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघेही आत. एकाला घर मिळाले, दुसरीला डोळे मिळाले.

माशांना सर्वांत शेवटी आणावे, आणि एका वेळी एक-दोनच, मध्ये दोन आठवडे सोडून. कारण वाढत्या घाणीबरोबर जीवाणूंची वस्तीही वाढावयास अवधी हवा. आपल्या पेटीला विदूषक माशांची एक जोडी आणि एक गोबी पुरेसे आहेत. विदूषक माशांच्या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल नर. मादी मेली की हा नरच काही काळाने मादी होतो. बंगाई कार्डिनल नावाचा चंदेरी-काळा मासा घ्यावयाचा तर विदूषकांच्या ऐवजी घ्यावा. त्याचा नर अंडी आणि नंतर पिले तीन-चार आठवडे तोंडात सांभाळतो आणि तेवढा काळ उपाशी राहतो.

येथे चौथा प्रश्न पुढे येतो: हा आला कोठून? बंगाई कार्डिनलचे मूळ घर इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या परिसरापुरते आहे; हौशी लोकांसाठी त्याची एवढी पकड झाली की २००७ साली तो जागतिक धोकाग्रस्त यादीत गेला. फिलिपाइन्स व इंडोनेशियात खडकांतले मासे पकडण्यासाठी सायनाइड फवारण्याची रीत पसरली. त्याने मासा गुंगतो, पण भोवतालचे प्रवाळ मरतात आणि मासाही पुढे पुष्कळदा दगावतो. विदूषक व बंगाई कार्डिनल हे दोन्ही आता हौदांत पैदास होणारे मासे आहेत. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या पैदाशीची पद्धत बसविली आहे. दुकानदाराला ‘हौदातला की समुद्रातला?’ एवढे विचारावे. उत्तर टाळणाऱ्या दुकानातून परत यावे.

काही पाहुण्यांना दारातूनच नमस्कार करावा. मँडरिन मासा अतिसुंदर. पण तो अगदी सूक्ष्म जिवंत जीव टिपून खातो आणि लहान पेटीत हळूहळू उपासमारीने मरतो. निळा सर्जन मासा चित्रपटामुळे मुलांचा लाडका झाला. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहण्यास मैदान लागते. सिंहमाशाचे काटे विषारी असतात आणि तोंडात मावेल तो शेजारी तो गिळतो. हौशी लोकांनी सोडून दिलेले हे मासे १९८५ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागले आणि आज अटलांटिकच्या त्या भागात त्यांनी देशी माशांची धूळधाण चालविली आहे. म्हणून पेटी मोडली तरी तिच्यातला जीव खाडीत सोडू नये.

समुद्रफुलाबद्दल वेगळे सांगतो. विदूषक माशाला ते हवेच असे नाही; आणि ते जपणे कठीण. त्याला प्रखर प्रकाश व निर्मळ पाणी लागते, शिवाय ते जागा सोडून सरकते आणि पंपात सापडते. तरी त्याचे आयुष्य केवढे असू शकते पाहा. सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून एडिंबरोत काचेच्या भांड्यात ठेवले. मालक वारले, सांभाळणारे बदलले, आणि ते समुद्रफूल १८८७ साली मेले. एकोणसाठ वर्षे! जो प्राणी एवढा जगू शकतो तो आपल्या घरी दोन महिन्यांत मेला, तर दोष त्याच्या आयुर्मर्यादेचा नव्हे.

आणि प्रवाळ? खडकाची पेटी म्हटली की लोकांना पोवळ्यांची बाग हवी असते. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून खडक रचणारे प्रवाळ, काळे पोवळे व समुद्रपंखे यांना वाघाच्या बरोबरीने पहिल्या परिशिष्टात घातले आहे; समुद्री काकडी आणि समुद्रघोडे यांनाही तेव्हापासून कायद्याचे संरक्षण आहे. ते विकणे व बाळगणे गुन्हा आहे, मेलेल्या पोवळ्याचा तुकडाही त्यातून सुटत नाही. तेव्हा पेटीत माणसाने बनविलेले खडक मांडावेत. वर्षभरात त्यांच्यावर शेवाळ व कृमींची अशी वस्ती होते की ते बनावट वाटत नाहीत.

हा कायदा कोणाला जाचक वाटला, तर त्याने इंग्लंडचा इतिहास पाहावा. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या १८५४ सालच्या पुस्तकाने तेथे घरोघर समुद्राच्या पेट्यांचे वेड लागले. माणसे बादल्या घेऊन किनाऱ्यावर लोटली. गॉस हा प्राण्यांवर प्रेम करणारा मनुष्य. पण त्याचाच मुलगा एडमंड याने १९०७ साली आठवणी लिहिल्या, तेव्हा आपल्या बालपणीची खडकांतली भरलेली डबकी लुटून ओसाड झाल्याचे दुःख नोंदवून ठेवले. एकेका माणसाने एकेकच बादली नेली होती.

आपले खडक अजून ओसाड झालेले नाहीत. हाजीअली, वरळी, वांद्र्याचा कार्टर रोड येथे काळ्या पाषाणांवर समुद्रफुले, शंख, खेकडे नांदतात; प्रवाळही आहेत, आणि किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली त्यांच्या काही वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही सर्वांत खोल जाते. अशा दिवशी पंचांग आणि भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून मुलांना घेऊन जावे, जाड तळाची पादत्राणे घालावीत, भरतीची वेळ लक्षात ठेवावी, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा आणि रिकाम्या हातांनी परत यावे. ज्याने हे चार-सहा वेळा केले, त्याला पेटीसाठी काय आणावे हे दुकानदारापेक्षा अधिक कळेल. आणि कदाचित पेटी नकोच, असेही त्याला वाटेल. दोन्ही निर्णय शहाणपणाचेच ठरतील.