सांधे आधी, स्वयंपाकघर नंतर

अमेरिकेत बनणाऱ्या आरव्हींपैकी, म्हणजे चाकांवरच्या घरांपैकी, बहुतेक गाड्या इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला, एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत तयार होतात. शिकागोहून मोटारीने दोनेक तासांचे अंतर. त्यामुळे आमच्याकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी निवृत्त झाले आणि आता मोटरहोम घेऊन देश बघायचा असे ठरले, की पहिली फेरी तिकडेच होते. मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून मला सोबत बोलावतात आणि मी आवडीने जातो.

या खेपेला काका-काकू होते. बजेट लाख डॉलरच्या आतबाहेर. तेवढ्यात नवी 'क्लास सी' येते: फोर्डच्या ई-३५० किंवा ई-४५० चॅसीवर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा असलेली. इंजिन, गिअर, ब्रेक फोर्डचे, त्यांची मला फारशी काळजी नसते. मागचे घर मात्र दुसराच कारखाना बांधतो, आणि पारखायचे ते घर.

काकू आत शिरल्या आणि ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती छान केलंय रे!"

"काकू, आधी छप्पर बघून येऊ. आतलं कुठे पळत नाही."

विक्रेत्याकडून शिडी मागून घेतली. छपरावर टीपीओ नावाचा पांढरा पडदा ताणून चिकटवलेला असतो. एसीचे भोक, हवेच्या खिडक्या, नळ्यांची तोंडे, सगळ्यांभोवती सीलंटची जाड पट्टी असते. ती अखंड हवी. स्क्रूचे डोके उघडे दिसले, पट्टी मध्येच तुटली, किंवा खालच्या स्टेपलच्या पिना पडद्यातून टोचून वर आलेल्या दिसल्या, की मी तिथे जास्त वेळ थांबतो. छप्पर आणि पुढचा फायबरचा तोंडवळा जिथे जुळतात तो कोपरा सर्वांत नाजूक. तिथून शिरलेले पाणी माळ्याच्या लाकडात मुरते, आणि बाहेर दिसेपर्यंत वर्षे जातात. गाडी चांगली असली तरी ही पट्टी दरवर्षी तपासावी लागते. कोकणात पावसाआधी कौले चाळतात, तसेच हे.

खाली उतरून मागच्या कोपऱ्याला गाल लावला आणि भिंतीच्या कडेने नजर पुढे नेली. ऊन तिरपे असले की फुगवटे लगेच कळतात. या भिंतींत बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, मागे लुआन प्लायवूड, मध्ये फोम, असे थर दाबून चिकटवलेले असतात. प्लायला पाणी लागले की डिंक सुटतो, पत्रा फुगतो, आणि ती दुरुस्ती कंबरडे मोडणारी असते. काही कारखाने प्लायऐवजी न कुजणारा कॉम्पोझिट तक्ता वापरतात. दोन गाड्यांच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर माझा कौल तिकडे.

इथे माझे एक ठाम मत सांगतो. स्वस्त गाडीत साहित्य स्वस्त असणारच. एमडीएफवर लाकडाच्या नक्षीचा कागद, पातळ गादी, प्लास्टिकचे नळ यांवर रुसू नये, ते बदलता येतात. बघायची ती घाई. इथल्या अनेक कारखान्यांत मजुरी नगावर असते, दिवसाचे ठरलेले नग झाले की घरी. कामगार, ज्यांत अमिश समाजाचे पुष्कळ, हाताने तरबेज आहेत. पण वेग वाढला की आधी सांधे कच्चे राहतात. २०२१ साली साऱ्या उद्योगाने सहा लाखांवर आरव्ही बाहेर काढल्या, तो विक्रम होता. त्या सुमाराची जुनी गाडी कुणी दाखवली, तर मी दुप्पट वेळ घेतो.

घाई सापडते ती कुणी दाखवत नाही तिथे. मी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढतो आणि मागच्या पोकळीत टॉर्च मारतो. या गाडीत भुसा होता, प्लायचे तुकडे होते आणि लाकूड चुकवून हवेत निघालेला स्क्रू होता. सिंकखाली नळी जमिनीतून जाते तिथले भोक नळीच्या तिप्पट, आणि फोमने बुजवलेले नाही. त्यातून थंडी येते, उंदीरही येतात. मग पाण्याचा पंप लावला, सगळे नळ बंद केले आणि गप्प उभे राहिलो. पंप दाब भरून थांबला पाहिजे. मधूनमधून आपोआप घुरघुरला, तर कुठेतरी गळते आहे. हा थांबला. भिंतीतून बाहेर सरकणारी प्रत्येक खोली दोनदा बाहेर काढून आत घेतली, दोन्ही कडा एकदम हलतात का आणि रबर कुठे दुमडते का ते पाहिले.

काकांनी दाराजवळचा आरव्हीआयए या उद्योगसंघटनेचा शिक्का दाखवला. "हे प्रमाणपत्र आहे की!"

आहे, पण ते आग, गॅस, वीज आणि नळकाम यांच्या सुरक्षेच्या नियमांपुरते. छप्पर गळणार नाही किंवा कपाटाचे दार वाकडे नाही, याची हमी तो शिक्का देत नाही.

त्याहून मोलाची वाटते ती वजनाची पिवळी चिठ्ठी. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेले असते. इथे आकडा होता ११०० पौंड. नातवंडे आली आणि चौघांचे ५५० पौंड धरले, टाकीतल्या चाळीस गॅलन पाण्याचे ३३० धरले, तर भांडी, कपडे, पांघरुणे, किराणा, खुर्च्या या सगळ्यांना उरले २२०. लांबलचक घर, दोन सरकत्या खोल्या आणि वर एवढीशी मोकळीक. काका बराच वेळ त्या चिठ्ठीपाशी उभे राहिले.

"मग लहान बघायची का?" काकूंनी विचारले.

आम्ही चोवीस फुटी, सरकती खोली नसलेली गाडी पाहिली. हलता भाग कमी, शिवणी कमी, पाणी शिरायला वाटा कमी. सिंकखालचे भोक तिथेही उघडेच होते, पण छपराची पट्टी एकसारखी आणि तारा नीट बांधलेल्या होत्या. इसार देण्याआधी काकांनी करारावर दोन अटी लिहून घेतल्या. एक, दाबाची चाचणी: छपराच्या खिडकीतून पंख्याने आत हवा भरायची आणि बाहेरच्या शिवणींवर साबणाचे पाणी फवारायचे, जिथे बुडबुडे येतील तिथे फट. दुसरी, पूर्ण पैसे देण्याआधी एक रात्र विक्रेत्याच्याच आवारात गाडीत राहायचे, पाणी, गॅस, हीटर, फ्रिज सगळे चालू ठेवून. एकदा गाडी घरी आली की वॉरंटीच्या दुरुस्तीला सर्व्हिसच्या रांगेत कितीतरी आठवडे जातात. आवारात असेपर्यंत मात्र विक्रेत्याला आपली गरज असते. विक्रेत्याने पहिली अट लगेच मान्य केली. दुसरीसाठी आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि शुक्रवारची रात्र दिली. काकूंनी तिथेच यादी करायला घेतली: कुकर, दोन पांघरुणे, टॉर्च, कोरी वही.