मिल्कवीड
(लॅ. ॲस्क्लेपियस, कुल–ॲपोसायनेसी). मुख्यतः उत्तर अमेरिकेत आढळणारी रानफुलांची एक प्रजाती. तीतील बहुतेक जाती बहुवर्षायू ओषधी असून पान मोडल्यास पांढरा चीक निघतो. भारतातील रुई याच कुलातील आहे. फुलोरा चवरीसारखा असतो. पराग सुटे नसून पुंजरूप असतात. मधुरसासाठी आलेल्या कीटकाचा पाय फुलातील चिरेत शिरला की, परागपुंजांची जोडी त्याला चिकटून दुसऱ्या फुलात जाते. मधमाश्या, गांधीलमाश्या व फुलपाखरे यांना मधुरस उपयोगी पडतो. परंतु मोनार्क फुलपाखराचे सुरवंट जवळजवळ सर्वस्वी याच वनस्पतींच्या पानांवर वाढतात. पानांतील विषारी ग्लायकोसाइडे त्यांच्या शरीरात साठतात व पुढे फुलपाखरांचे पक्ष्यांपासून रक्षण करतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ पासून ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणाऱ्या सोयाबीनची व नंतर तशाच मक्याची लागवड वाढली आणि शेतांतील मिल्कवीड नष्ट होत गेले. मध्य मेक्सिकोतील डोंगराळ वनांत हिवाळा काढणाऱ्या मोनार्कांची संख्या घटण्याचे हे एक प्रमुख कारण मानतात. त्यामुळे बागांतील लागवडीला महत्त्व आले आहे.

नारिंगी फुलांच्या ॲ. ट्यूबरोजा या जातीस (उंची ३०–९० सेंमी.) भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन लागते, मूळ खोल जात असल्याने वाढलेले झाड हलविल्यास सहसा जगत नाही. गुलाबी फुलांच्या ॲ. इन्कार्नाटा जातीस ओलसर जमीन मानवते. ॲ. सिरियाका जमिनीखालील खोडांनी पसरते. म्हणून ती मोठ्या आवारातच लावतात. बिया शरद ऋतूत पेरतात किंवा पेरणीपूर्वी सुमारे एक महिना ओलसर थंडाव्यात ठेवतात. त्यामुळे त्या चांगल्या रुजतात.

उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ॲ. क्युरासाविका ही जाती (महाराष्ट्रात परिचित असलेले हळदीकुंकू) सहज वाढते व दीर्घकाळ फुलते. तथापि संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील सौम्य हिवाळ्यात तिची पाने टिकून राहतात. त्यांवर मोनार्कच्या एका एककोशिक जीवोपजीवीची बीजुके साठतात आणि पाने खाणाऱ्या सुरवंटांना संसर्ग होतो. काही फुलपाखरे स्थलांतर न करता तेथेच प्रजोत्पादन करीत राहतात व संसर्गाची साखळी चालू राहते. स्थानिक बहुवर्षायू जातींचा जमिनीवरील भाग हिवाळ्यात वाळून जातो व वसंत ऋतूत मुळांपासून नवे, निर्दोष कोंब येतात. म्हणून तेथे शक्यतो स्थानिक जाती लावाव्यात. हळदीकुंकू लावलेले असल्यास ते शरद ऋतूत बुंध्यापाशी छाटावे. लागवडीवर कीटकनाशके फवारू नयेत.