सोळा मृत्यू कोणत्या रकान्यात?

८ मे २०२० रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास, जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून रिकामी मालगाडी गेली. मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले हे लोक, त्यांतले बरेच गोंड आदिवासी, जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात राबत होते. काम बंद, मजुरी बंद, रेशनकार्ड गावी. गावी जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज केले होते, पण उत्तर आलं नाही, असं त्यांच्यातल्या बचावलेल्यांनी सांगितलं. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं ते रात्रभर रुळांच्या कडेनं चालले आणि टाळेबंदीत गाड्या बंद असतील असं समजून तिथंच आडवे झाले. त्यांना विषाणूनं मारलं नाही, म्हणून कोविडच्या आकडेवारीत ते नाहीत. माझं म्हणणं असं की, ते त्या साथीचेच बळी आहेत, आणि हे करुणेपोटी नव्हे, साथरोगशास्त्राच्या हिशेबानं म्हणायला हवं.

साथ किती पसरते ते ‘आर’ या अंकानं मोजतात. एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते, तो हा अंक. तो विषाणूचा जन्मजात गुण असल्यासारखा सांगितला जातो, पण त्यात सगळा वाटा विषाणूचा नसतो. उरलेला वाटा माणसांचा: एका खोलीत किती जण झोपतात, नळ किती घरांत मिळून एक आहे, ताप आल्यावर कामावर न जाण्याची सोय आहे का. लागण झाल्यावर शरीर किती तग धरेल हे आधीच्या खाण्यावर आणि जुन्या दुखण्यांवर ठरतं, आणि त्यानंतर दवाखाना किती लांब, खिशात किती पैसे, हा प्रश्न येतो. या तिन्ही गोष्टींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तिन्ही ठिकाणी एखाद्याचा धोका केवळ दुप्पट असला, तरी शेवटी तो आठपट होतो. विषमता साथीत एवढी भीषण दिसते, ती या गुणाकारामुळे.

हे गणित मुंबईनं शंभर वर्षांपूर्वीच कागदावर मांडलं होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शहराच्या आरोग्य खात्यानं समाजवार मृत्युदर नोंदवले. युरोपियनांत हजारी ८.३, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या तक्त्यात ‘खालच्या जाती’ म्हटलं त्यांच्यात ६१.६. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं. या फरकाला रक्ताचं कारण देणारे तेव्हा होते, आजही सापडतील. पण एकाच शहरात, एकाच हवेत, एकाच विषाणूसमोर फुप्फुसं जातीप्रमाणे वेगळी वागत नाहीत. वेगळं असतं ते घर, पाणी, ताट आणि आजारपणात उशाशी बसायला कुणाला सवड आहे, हे.

विषाणू भेदभाव करत नाही, असं २०२० मध्ये वारंवार ऐकू येत होतं. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. यावर आक्षेप असा येतो की, झोपडपट्टीत लागण जास्त असूनही लागण झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. ते खरं आहे, आणि लपवण्याचं कारण नाही. तिथली वस्ती तरुण आहे आणि कोविड वयाप्रमाणे मारतो, हे त्याचं एक मोठं कारण. पण सरासरीनं तरुण असण्याचा लाभ तिथल्या म्हाताऱ्याला मिळत नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या साडेसात लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. त्याच्या अंदाजानुसार २०१९ ते २०२० या एका वर्षात उच्चजातीय हिंदूंचं आयुर्मान १.३ वर्षांनी घटलं, अनुसूचित जातींचं २.७, आदिवासींचं ४.१ आणि मुस्लिमांचं ५.४ वर्षांनी. केंद्र सरकारनं हे निष्कर्ष फेटाळले, निवडक राज्यांवरून देशाचं चित्र काढता येत नाही असं सांगून. नमुन्याबद्दलची ही सावधगिरी रास्त आहे. महाराष्ट्राचं सर्वेक्षण साथीपूर्वीच उरकल्यानं आपलं राज्य त्यात नाहीच. तरीही एकूण आकडा थोडा चढला-उतरला, तरी गटागटांतलं एवढं अंतर त्यानं पुसलं जाईल असं मला वाटत नाही.

जालना जिल्ह्याची गोष्ट या दृष्टीनं फार बोलकी आहे, कारण तो मजूर आणतोही आणि पाठवतोही. सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलच्या भट्ट्यांवर परप्रांतीय येतात आणि मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. टाळेबंदी लागली तेव्हा मराठवाड्यातली ही माणसं फडातच अडकली. १७ एप्रिलला सरकारनं परतीची परवानगी दिली, तेव्हा ३८ साखर कारखान्यांच्या परिसरातल्या मजुरांचा आकडा १ लाख ३१ हजारांवर होता. पाचटाच्या खोपीत सुरक्षित अंतर कसं पाळायचं? आणि मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, साथ आहे म्हणून पुढच्या हंगामाला नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणता येणं हेसुद्धा लशीसारखंच एक संरक्षण आहे, आणि ते सगळ्यांत विषम वाटलेलं आहे.

मग टाळेबंदी लावायचीच नव्हती का, असा प्रतिप्रश्न होईल. तसं मी म्हणत नाही. टाळेबंदी हे औषध होतं, आणि प्रत्येक औषधाला मात्रा असते, दुष्परिणाम असतात. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि बाराला अंमल, ही मात्रा सर्वांना सारखी दिली गेली. पगार चालू असलेल्या घराला गुण आला. रोजावर जगणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः दुष्परिणाम आले. औषधाचा गुण मोजायचा आणि दुष्परिणामानं गेलेल्यांना ‘अपघात’ म्हणून वेगळं काढायचं, ही पद्धत कुठल्याही औषधचाचणीत मान्य होणार नाही.

गरिबी काय साथीआधी हटवता येते, हा सगळ्यांत थकलेला आक्षेप. गुणाकारातला एखादा आकडा कमी करायला मात्र गरिबी संपण्याची वाट पाहावी लागत नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषक द्रव्यं दिली, तर त्यांच्यातलं नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. क्षय आणि कोविड वेगळे, हे मान्य. पण ताटातला बदल जंतूच्या वाटेत उभा राहतो, याचा हा रोकडा पुरावा आहे. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या नोंदणीचा कायदा तर १९७९ पासून होता. तो नीट पाळला असता, तर कोणत्या कारखान्यात कुठले किती लोक आहेत हे मार्च २०२० मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला ठाऊक असतं आणि गाड्या तिथून सोडता आल्या असत्या.

नोंदीचा हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले असं लोकसभेत विचारलं गेलं. अशी माहिती ठेवलेली नाही, असं श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं. १९१८ च्या वसाहती राजवटीतल्या मुंबईकडे निदान तक्ता तरी होता.