हातातील जीपीएस यंत्र आणि विजेची काटकसर

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे क्षीण संकेत टिपून जीपीएस यंत्र आपले स्थान सांगते. ते स्वतः उपग्रहांना काहीच कळवीत नाही. तरीही अखंड गणित आणि विशेषतः उजळलेला पडदा यांपायी त्याचे सेल झिजतात. म्हणून आधी पडद्याचा प्रकाश मंद करावा.

होकायंत्राची गोष्ट अधिक नाजूक आहे. चालत असता लागोपाठच्या स्थानांवरून यंत्र दिशा काढते. तेव्हा चुंबकीय संवेदक बंद असला तरी अडत नाही. परंतु हिमालयातील दाट धुक्यात थबकलेल्या गिर्यारोहकास ही युक्ती निरुपयोगी ठरते. तेथे संवेदकच हवा, आणि सेल बदलल्यावर त्याचे समायोजन पुन्हा करावयास हवे. कारण सेलांच्या पोलादी कवचाने चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडते.

गारठ्यात अल्कलाइन सेल लवकर मंदावतात. एकदाच वापरावयाचे लिथियम सेल उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत काम देतात. राखीव सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावेत. सेलाचा प्रकारही यंत्रास सांगावा. अल्कलाइनचा दाब १.५ व्होल्ट, तर पुनर्भारित निकेल सेलाचा १.२, ही नोंद चुकली, तर भरलेला सेलही यंत्रास अर्धा रिता भासतो.