हीट पंप किती क्षमतेचा असावा?

बाहेरच्या थंड हवेतील उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणाऱ्या हीट पंपाची क्षमता केवळ क्षेत्रफळावरून नव्हे, तर उष्णताऱ्हासावरून, म्हणजे भिंती, खिडक्या, छत आणि फटींतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेवरून ठरवावी लागते.

ब्रिटनमधील एखादे छोटे घर तापमानातील दर अंश फरकामागे १५० वॅट उष्णता गमावत असेल, तर बाहेर उणे ३ आणि आत २१ अंश सेल्सिअस असताना त्याला ३.६ किलोवॅट उष्णता लागते. पंपाची क्षमता थंडीत घटत असल्याने ती त्याच तापमानाला तपासावी.

गरजेपेक्षा मोठा पंप सौम्य थंडीत वारंवार सुरू-बंद होऊन वीज वाया घालवतो, म्हणून आधी छताचे उष्णतारोधन सुधारावे आणि मगच पंप निवडावा.