आज वार कोणता?

गेल्या मार्गशीर्षात इंदूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, शनिवारी सकाळी उतरतोय, चौघं. रविवारी रात्रीची परतीची गाडी. वहिनींना काही करू देऊ नका, तुमच्या मुंबईतलं अस्सल काहीतरी खाऊ घाला." फोन ठेवला आणि कपाटातली वही काढली. हिनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "निघाली का पाहुण्यांची बखर?"

वही १९८७ची. बँकेच्या रद्दीतली, लांबट, लाल कापडी पाठीची. आमच्या गिरगावच्या खोलीत उतरलेला प्रत्येक पाहुणा, त्याला कुठं नेलं, काय मागवलं आणि तो काय म्हणाला, एवढंच तिच्यात लिहिलेलं आहे. सुरुवातीला बिलाचे आकडेही लिहीत होतो, पुढं धीर होईना. एवढ्या वर्षांत वहीनं मला एकच धडा दिला. हॉटेल सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी वार बघायचा, मग वेळ, मग पाहुण्याचं गाव, आणि मग त्याचे गुडघे. गुडघे धड नसतील तर गिरगावातल्या निम्म्या जागा आपोआप बाद होतात. पायऱ्या आहेत, उभं राहून खायचं आहे, नाहीतर रांग आहे.

थोडा इतिहास सांगायला हवा, तो एका दमात सांगतो. मुंबईत बाहेर खाण्याची सोय झाली ती ज्यांचं इथं घर नव्हतं त्यांच्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गिरण्या उभ्या राहिल्या, माणसं एकटी आली. इराणी आले आणि त्यांनी नाक्यानाक्यावर चहा-ब्रून मस्क्याची दुकानं थाटली. धोबीतलावजवळचं कयानी १९०४चं. पुढं उडुपीकडचे लोक आले. माटुंग्याला रामा नायकांनी केळीच्या पानावरचं जेवण १९४२ साली सुरू केलं. मराठी कुटुंब मात्र घरी जेवत होतं. त्यामुळे "तुमचं अस्सल" असं पाहुणा म्हणतो तेव्हा पंचाईत होते, कारण आमचं अस्सल बरंचसं घरातच राहिलं.

याला पुरावा म्हणून मी नेहमी १९१० हे साल सांगतो. त्या वर्षी दादरला मामा काण्यांचं उपाहारगृह सुरू झालं. त्याच वर्षी आमच्या गिरगावात बेडेकरांनी मसाल्या-लोणच्यांच्या धंद्याचा पाया घातला. आणि त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक निघालं. म्हणजे एक वडा बाहेर मिळायला लागला, लोणचं विकायच्या वाटेला लागलं, आणि हजार पदार्थ पुस्तकात गेले. अशा घरातच राहिलेल्यांपैकी पाठारे प्रभूंचं भुजणं मी आजवर दोनदाच खाल्लंय, दोन्ही वेळा लग्नघरच्या ओळखीवर. पाहुण्याला ते कुठून खाऊ घालू?

तर इंदूरकर. शनिवार सकाळ, रात्रभराचा प्रवास, वय साठीच्या आसपास. ठाकुरद्वारला फणसवाडीच्या कोपऱ्यावरचं विनय हेल्थ होम घरापासून सात मिनिटांवर. बसायला जागा, पंखा आणि मिसळ. 'हेल्थ होम' हे नाव वाचून पाहुणे हटकून हसतात. एके काळी दूध, ताक, फळांचा रस देणाऱ्या जागांना असंच म्हणत. आरोग्य भवन, दुग्ध मंदिर ही त्याच घराण्यातली नावं. भाऊ मिसळ खाऊन म्हणाला, "छान आहे, पण शेव फार जपून घालतात." वहीत तसंच लिहिलं. इंदूरच्या माणसाला शेवेवरून खूष करणं कुणालाच शक्य नाही. पण त्याच्या बायकोनं पियुष घेतलं आणि दुसरं मागवलं. श्रीखंड ताकात घुसळून, वर जायफळ-केशर. पुण्याकडेही मिळतं, पण गिरगाव-दादरच्या माणसाला ते आपल्या आळीतच जन्माला आलं असं वाटतं. मी त्यातलाच.

तिथून खोताची वाडी. लाकडी जिने, व्हरांडे, कौलं. या वाडीत अनंताश्रम होतं, गोव्याकडच्या पद्धतीचं मासळीचं जेवण. वहीत १९८७ ते १९९५पर्यंत त्याची अकरा वेळा नोंद आहे. पाहुण्याला आधीच बजावून न्यायचो: मेनूकार्ड मागू नका, गप्पा मारत बसू नका, ताटात येईल ते जेवा. बंद होऊन बरीच वर्षं झाली. वाडी दाखवताना मी अजूनही तिथं थांबतो आणि पाहुणे बंद दाराकडे सभ्यपणे बघतात.

दादरला नेताना मी पाहुण्याला आधी स्टेशनासमोरच्या मामा काण्यांकडे बसवतो. बटाटावडा, बशीत, चटणीबरोबर, पावाशिवाय. वडा आणि वडापाव हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे माझं ठाम मत आहे. वडा बसून खायचा, त्यातलं आलं-लसूण जिभेवर सावकाश उलगडू द्यायचं. वडापाव हा गाडी पकडणाऱ्याचा घास. तो दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६च्या सुमारास सुरू केला असं सांगतात. दोन्ही खायचे असतील तर मामा काण्यांकडून उठून चालत छबिलदासच्या गल्लीत जायचं, तिथं श्रीकृष्णचा वडा मिळतो. याच गल्लीतल्या शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं झाली. मी तिथं नाटकांपेक्षा वडे जास्त पाहिले, हे कबूल करतो.

इथं एक जुनी खाज भागवून घेतो. उप अधिक आहार म्हणजे उपाहार, थोडकं खाणं. उपहार म्हणजे भेटवस्तू. तरीही शहरातल्या कित्येक पाट्यांवर 'उपहारगृह' असतं. पुण्याच्या एका पाहुण्यानं दादरभर फिरताना पाट्या मोजल्या आणि शेवटी वडाही खाल्ला नाही. त्यांची नोंद वहीत एका शब्दात आहे.

शिवसेना भवनाच्या परिसरात आस्वाद आणि प्रकाश. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका स्पर्धेत जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हापासून बाहेरगावचे लोक नाव घेऊनच येतात. मिसळ चांगली आहे. जगात पहिली म्हणायची तर कोल्हापूरकरांशी भांडण ओढवून घ्यावं लागेल आणि माझं वय ते झेपण्याचं नाही. मी तिथं थालीपीठ मागवतो. प्रकाशकडे साबुदाणा वडा. तोही संकष्टीला नव्हे, कारण त्या दिवशी अख्खं दादर उपासाला बसलेलं असतं आणि त्याच रांगेत उभं असतं. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम उरकून लोक जरीच्या साड्यांत आणि झब्ब्यांत याच भागात नाश्त्याला येतात. त्या सकाळी पाहुणा सोबत असेल तर घरचा चिवडा द्यावा.

आता मासळी. इथं वार आलाच. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे खाण्याचे वार. सोमवार-गुरुवारी निम्मं गिऱ्हाईक गळतं, मग हॉटेलवालाही बाजारातून बेतानं आणतो. त्यामुळे "गुरुवारी गर्दी नसते" या सल्ल्यावर कधीही जाऊ नये. श्रावणात जाऊ नये. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी असते, तेव्हा ताज्या पापलेटाची आशा धरू नये. सोडे-वांगं, सुका बांगडा मागवावा आणि पाहुण्याला हाच खरा पावसाळ्याचा बेत असं सांगावं. ते खरंही आहे. मार्गशीर्षात आणखी अडचण. भावाची बायको गुरुवार करते, पण महिनाभर पाळते का, हे फोनवर विचारून घेतलं. फक्त गुरुवार, असं कळल्यावर रविवारी साडेबाराला दादरच्या सिंधुदुर्गला. साडेबारा म्हणजे साडेबारा. एकला रांग रस्त्यावर येते.

मालवणी आणि गोमंतकी हा फरक पाहुण्याला जेवणाआधी सांगू नये, मधे सांगावा. मालवणी कालवणात भाजलेला मसाला पुढं येतो, गोव्याकडच्या हुमणात ओलं खोबरं आणि बांगड्यासारख्या माशाला तिरफळ. तिरफळ चावायचं नसतं. एका नागपूरकरानं चावलं होतं, त्याची नोंद वहीत अर्धं पान आहे. ज्याला काट्याची भीती त्याला सुरमईची तुकडी, ज्याला धीर आहे त्याला मांदेली. बोंबील मात्र सगळ्यांना. कुरकुरीत बोंबील खाऊन मुंबईला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फसलोही आहे. एकदा बँकेच्या वरिष्ठांचा पाहुणा म्हणून मोठ्या, थंडगार हॉटेलात नेलं, सव्वा तास ताटकळलो आणि सोलकढी आली ती गुलाबी सरबतासारखी, खोबऱ्याचा मागमूस नाही. नाव लिहीत नाही. तेव्हापासून आधी सोलकढी मागवतो. ती बरोबर असली तरच पुढचं सांगतो.

इथवर आलोय तर मला जे खरंच सांगायचंय ते सांगतो. मला पाहुण्यांना न्यायचं असतं खानावळीत. आणि ती उरलेली नाही.

१९७९ साली मी बँकेच्या परळच्या शाखेत लागलो. घर गिरगावात, पण दुपारचा डबा जड होतो म्हणून एका सहकाऱ्याबरोबर जवळच्या चाळीत जेवायला जायला लागलो. दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात मोरी, एका कोपऱ्यात स्टोव्ह, वर पोटमाळा. काकी, त्यांची मुलगी आणि एका पंगतीला आठ माणसं. जेवणाऱ्याला मेंबर म्हणत. महिन्याचे पैसे ठरलेले. जेवायला आला नाहीत तर खाडा मांडायचा आणि महिनाअखेर हिशोबात कापायचा. खाड्यावरून जेवढी भांडणं मी ऐकली तेवढी बँकेत व्याजावरूनही ऐकली नाहीत. रविवारी फीस्ट. काकी कोकणातल्या, त्यामुळे भात आणि कालवण. दोन जिने वर साताऱ्याकडच्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे भाकरी आणि झणझणीत रस्सा. मेंबर आपापल्या मुलखाप्रमाणे जिना निवडत. गिरणीची पाळी सुटल्याचा भोंगा झाला की दहा मिनिटांत जिन्यावर चपलांचा आवाज. रात्रपाळीवाल्याचं ताट झाकून ठेवलेलं असे.

या बायकांचा धंदा उधारीवर चाले. वाणी धान्य द्यायचा, व्याज लावायचा. मेंबर पगार झाल्यावर पैसे देणार. मधले दिवस काढायला दागिना गहाण. बँकेत येऊन कर्ज मागायला तारण काय, तर स्टोव्ह आणि पातेली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांना एकत्र आणून, बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या या बाई कामगार चळवळीत मुरलेल्या होत्या. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बायका एकमेकींना जामीन राहत. माझ्या टेबलापाशी अंगठा उठवताना काकींचा हात थरथरला होता आणि हप्ता मात्र एकदाही चुकला नाही. बँकेत त्या खातेदार, म्हणून मी त्यांच्याशी 'तुम्ही' बोलायचो, जेवताना त्या मला 'अरे' म्हणायच्या.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगारांचा. पहिले दोन महिने काकींनी मेंबरांना उधारीवर जेवू घातलं. मग मेंबर गावी जायला लागले, वहीतली उधारी वहीतच राहिली. गणपतीपर्यंत पंगतीला दोघं उरले, त्यातला एक मी. पुढं काकी मुलीकडे सावंतवाडीला गेल्या. माझ्या शेवटच्या महिन्याचे तीन खाडे त्यांनी हिशोबानं परत केले.

त्या गिरण्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल आहेत, आणि गिरणीचं नाव लावलेल्या आवारात भाचेमंडळी रात्री पिझ्झा खातात. मी दोनदा गेलो. वाईट नव्हता, गाणी मोठ्यानं होती.

म्हणून गिरणगाव बघायचं म्हणणाऱ्या पाहुण्याला मी लालबागला नेतो. भारतमाता सिनेमापाशी उतरायचं, लाडू सम्राटमध्ये कोथिंबीर वडी आणि मिसळ, मग चिवडा गल्ली. एप्रिल-मेमध्ये आलात तर आणखी मजा. मसाल्याच्या बाजारात बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, वर्षाचा मसाला करून घ्यायला आलेल्या बायका, डंकांचा आवाज आणि रस्ताभर शिंका. मुलीची एक जपानी मैत्रीण तिथं वीस मिनिटं शिंकत उभी राहिली आणि हलायला तयार नव्हती. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र लालबागला खाण्यासाठी जाऊ नये, तेव्हा तिथं राजाचं राज्य असतं.

इंदूरकरांनी रविवारी रात्री गाडीत बसताना चिवड्याच्या चार पिशव्या घेतल्या होत्या. पोचल्यावर फोन आला, चिवड्यात शेव घालून खातोय म्हणून.

आता पुढच्या जानेवारीत बेळगावहून सहा जण येणार आहेत, वार शुक्रवार. परळ, शिवडी, लालबाग, काळाचौकी या भागात कुणी बाई अजूनही खोलीवर पंगत बसवून मेंबरांना जेवू घालत असेल आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आम्ही सहा अधिक एक. महिन्याचे पैसे आगाऊ देऊ, खाडे कापू नयेत.