लाकडी पेन : लेसर काय करतो, खराद काय करते?

माझा धंदा कापडाचा. लाकडाशी माझा संबंध गजापुरता आणि दुकानातल्या फळ्यांपुरता. तरीही या पानावर लाकडी पेनांविषयी लिहितो आहे, त्याला कारण घरातलेच आहे. इंदापूरला माझा एक भाचा खरादीचे काम करतो. पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या हे त्याचे पिढीजात काम. एके दिवशी तो बारामतीला दुकानावर आला आणि म्हणाला, "मामू, खराद विकून टाकतो आणि हप्त्यावर लेसर मशीन घेतो. लाकडी पेन करायचे म्हणतो. तुम्ही जामीन राहता का?"

मी म्हणालो, "बेटा, जामीन नंतर. आधी ते मशीन काय करते आणि काय करत नाही, हे दोघे मिळून बघू." त्या चौकशीत जे समजले ते कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

शोध लावणारा बारामतीचा

लाकूड, कापड, चामडे आणि अॅक्रिलिक कापणारी लेसर मशीन बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीवर चालतात. हा लेसर डॉ. कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६३-६४ च्या सुमारास तयार केला. पटेल यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीत झाला. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेऊन ते पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. १९९६ साली त्यांना तिथला राष्ट्रीय विज्ञान पदक हा मोठा सन्मान मिळाला. आपल्या गावातल्या किती लोकांना हे ठाऊक आहे?

या किरणाची लांबी १०.६ मायक्रॉन असते. डोळ्याला तो दिसत नाही, पण लाकूड त्याला शोषून घेते आणि त्या जागी जळून वाफ होते. म्हणजे हे मशीन करवतीसारखे दाताने कापत नाही, जाळून कापते. पॉलिस्टर कापडाची कड त्याने वितळून बंद होते आणि धागा सुटत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना माहीत आहे. लाकडाची कड मात्र काळी होते. पुढचे सगळे फायदे-तोटे यातूनच निघतात.

पेन कसा बनतो?

येथे लॅमिनेटेड म्हणजे सनमायका नव्हे. पातळ लाकडी थर एकावर एक चिकटवून केलेला ठोकळा, असा त्याचा अर्थ. साधारण ३ मि.मी. जाडीच्या, २० मि.मी. रुंद आणि १३० मि.मी. लांब अशा ७ पट्ट्या घ्यायच्या. एक थर सागाचा, एक फिक्या लाकडाचा, एक रंगवलेला, असे आलटून पालटून लावायचे. फेविकॉल लावून शिकंज्यात पूर्ण एक दिवस दाबून ठेवायचे. मग ठोकळ्याचे दोन तुकडे करून त्यांना ७ मि.मी.चे आरपार भोक पाडायचे आणि आत पितळी नळी चिकटवायची. नळी आधी पॉलिशपेपरने घासून घ्यावी, नाहीतर पकड बसत नाही. त्यानंतर तुकडे खरादीवर चढवून गोल करायचे, पॉलिशपेपरने मऊ करायचे, लाखेचा किंवा दुसरा पॉलिशचा हात द्यायचा. शेवटी टोक, क्लिप आणि रिफिलचे तयार सुटे भाग दाबून बसवायचे.

आता यात लेसर कुठे लागतो? पहिला उपयोग पट्ट्या कापण्यात. ३० पट्ट्या करवतीने कापल्या आणि प्रत्येक कापाला अडीच मि.मी. भुसा गेला, तर ७५ मि.मी. लाकूड वाया जाते, म्हणजे जवळपास ४ पट्ट्या. लेसरचा काप मि.मी.च्या पाचव्या भागाइतका धरला, तर ६ मि.मी. जातात. दुसरा उपयोग नक्षीचा. लाटेसारखी किंवा बाणासारखी वळणे हुबेहूब कापून एकमेकांत बसवता येतात. तिसरा उपयोग नाव कोरण्याचा. पॉलिशचा पहिला हात दिल्यावर नाव कोरावे, म्हणजे काजळी लाकडात मुरत नाही, पुसून निघते.

भोक पाडणे, गोल करणे आणि झळाळी आणणे ही कामे मात्र लेसर करत नाही. ती खरादीची आणि हाताची आहेत. भाचा नेमकी तीच खराद विकायला निघाला होता!

आमच्याकडून झालेल्या चुका

पहिले १२ पेन आम्ही बाजारातल्या स्वस्त प्लायवर करून पाहिले. त्यातले ५ खरादीवरच फुटले. कारण आतल्या थरात पोकळ्या होत्या, त्या वरून दिसत नाहीत. दुसऱ्या वेळी 'चांगला माल' म्हणून वॉटरप्रूफ प्लाय नेला, तर त्यातला गडद फिनॉलिक गोंद नुसता जळाला आणि काप आरपार गेलाच नाही. घरात वापरायचा साधा एम.आर. प्रतीचा प्लाय त्या मानाने सहज कापला जातो. नक्षीचे तुकडे एकमेकांत बसवताना जळालेली काळी कड हलकी घासून घ्यावी. काजळीवर गोंद धरत नाही.

दोन इशारे ध्यानात ठेवा. पी.व्ही.सी. कधीही या मशीनमध्ये घालू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, जो माणसाला घातक आहे आणि मशीनलाही गंजवतो. दुसरे, मशीन चालू असताना चहाला उठू नये. लाकूड पेट घेते. धूर ओढणारा पंखा आणि नळीला थंड पाण्याचा फेरा यांच्याशिवाय काम करूच नये.

लाकडाबद्दलही एक गोष्ट. साग, आंबा, चिंच ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पेनाला लाकूड लागते ते वीतभर. सुतारांकडचे उरलेले तुकडे पावती घेऊन विकत घ्यावेत.

हिशेब

कापड असो की पेन, तिजारतीचा कायदा एकच आहे. लाकूड, सुटे भाग, लेसरची मिनिटे, खरादीचा वेळ, पॉलिश, डबी आणि फुटलेला माल, हे सगळे धरून एका पेनाचा खर्च काढावा. फुटलेला माल हिशेबात न धरणे ही नव्या माणसाची पहिली चूक असते. शिवाय मशीनचा हप्ता दर महिन्याला येतो, ऑर्डर तशी येत नाही. लग्नसराई आणि शाळा-कॉलेजांचे निरोप समारंभ वर्षातून ठरावीक वेळीच असतात.

म्हणून आम्ही असे ठरवले की खराद विकायची नाही. लेसरचे काम बारामतीत बोर्ड आणि ट्रॉफ्या करणाऱ्याकडे मिनिटावर करून घ्यायचे. वर्षभराच्या वहीत त्या मिनिटांचे बिल मशीनच्या हप्त्यांपेक्षा जास्त निघाले, तर मशीनचा विचार करू आणि तेव्हा मी जामीनही राहीन. भाच्याचे तोंड थोडे उतरले, पण वही त्याने घातली आहे.

शाळेत आमचे उस्ताद चाकूने बोरू कापून द्यायचे. कत तिरका आणि साफ असला तरच अक्षर उठून दिसे. चाकू सगळ्यांकडे होता, हात फक्त त्यांचा होता. खराद चालवणाऱ्या बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे. एक फळी घेऊन जा, १२ पेन करून पाहा, किती फुटले ते मोजा आणि मगच पैशाला हात घाला.